धोंडुबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या बयाबाईचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. झोपेतसुद्धा ती कुणाला तरी झापत असते, असं तिची शेजारीण रशिदाभाभी सांगायची. अशी ही बाई आयुष्यात एकदाच, जेव्हा बोलायलाच हवं होतं तेव्हा, शब्द गिळून बसली. का, तर जळफळाट. दुसरं काही नाही. उगाच कुणी तिच्या वतीनं सारवासारव करू नये, तिनं स्वतःही कधी केली नाही.

काळ महाराजांचा. प्लेग येऊन गेला होता, ओस पडलेल्या पेठा पुन्हा नांदत्या झाल्या होत्या आणि तालमींतून शड्डू घुमत होते. प्लेगानं बयाबाईचा नवरा नेला. गावाबाहेरच्या झोपड्यांत दुसऱ्यांच्या आजाऱ्यांना पाणी पाजता पाजता ती आजाऱ्यांचीच होऊन गेली. पुढं नदीच्या वाटेवर एक लहानसा धर्मादाय दवाखाना निघाला, तिथल्या बायकांच्या वॉर्डात तिला काम मिळालं. अक्षर येत नव्हतं, नाडी कळत नव्हती. पण वॉर्डात शिरली की आधी बाया काय करतायत ते ती बघायची. ताटली पुढं आली की हात कुठं जातो, पोर रडलं की मान वळते का, पदर कुठं आहे. काल निपचित पडलेली बाई आज ‘मावशी, वाईच वेणी घाला की’ म्हणाली, की बयाबाई खुशाल पुढच्या खाटेकडं जायची. कालची बडबडी आज भिंतीकडं तोंड करून पडली, की मात्र तिथंच ठाण मांडायची.

“काल कशी हुती आन् आज कशी हाय, येवढंच बगायचं असतंय,” असं ती म्हणायची. चुकायचीसुद्धा. पण चुकली की दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी कबुली द्यायची, म्हणून तिच्यावर कुणी रागवायचं नाही.

दवाखान्याचे डॉक्टर मेहेरजी पारशी होते, मुंबईकडून आलेले. मोजकं आणि जरा पुस्तकी मराठी बोलायचे. रोज सकाळी दारात उभे राहून ते पहिला प्रश्न बयाबाईला करायचे, “बयाबाई, वॉर्ड कसा आहे?” ह्या एका प्रश्नावर बयाबाई जगत होती. लुगडं विटलेलं असलं तरी चालेल, भाकरी शिळी असली तरी चालेल, पण सगळ्यांदेखत साहेबांनी आपल्याला विचारलं पाहिजे. मग ती कमरेवर हात ठेवून खाटेमागून खाट सांगत सुटायची, आणि साहेब मान हलवत ऐकायचे.

तेवढ्यात मिरजेहून जुलेखा आली.

प्लेगातच आईबाप गेलेली पोर. मिशनच्या मडमांनी वाढवलेली आणि त्यांच्याच हाताखाली नर्सिंग शिकलेली. पांढरंशुभ्र पातळ, त्यावर कडक इस्त्रीचा एप्रन, छातीला पिन लावून अडकवलेलं घड्याळ. थर्मामीटर झटकायची तो असा, की पारा खाली उतरायच्या आधी बयाबाईचा जीव खाली उतरायचा. जुलेखा आली त्याच्या दुसऱ्या सकाळी साहेब दारात उभे राहिले. बयाबाईनं पदर खोचला, घसा साफ केला. साहेब म्हणाले, “सिस्टर, वॉर्ड कसा आहे?”

बयाबाईचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

त्या दिवसापासून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. पोरीनं हसून बोलावं तर ही म्हणणार, दात दाखवती. न बोलावं तर म्हणणार, शिष्ट हाय. बाया आता दुखलं-खुपलं की ‘मावशी’ म्हणायच्या ऐवजी ‘नर्सबाई’ म्हणून हाक मारायच्या, ती हाक बयाबाईच्या कानात तापलेल्या तेलासारखी जायची. जातीधर्माचा राग म्हणाल तर तो नव्हता. नवरा गेला तेव्हा रशिदाभाभीच्याच मांडीवर डोकं ठेवून ती रडली होती. रशिदाभाभीच एकदा म्हणाली, “बया, पोरगी चांगली हाय की गं.”

“तेच तर!” बयाबाई कडाडली. “वाईट असती तर कवाच हाकलून लावली असती!”

जुलेखाची मात्र एक गोष्ट बघून बयाबाईला गार वाटायचं. रोगी नीट शुद्धीवर आहे की नाही हे बघायला मडमांनी तिला एक रीत शिकवली होती. रोज सकाळी तेच तीन प्रश्न: तुमचं नाव काय, गाव कुठलं, मालकाचं नाव काय. पहिल्या दोनांची उत्तरं मिळायची. तिसऱ्याला सगळ्या बाया अडायच्या. कुणी पदर तोंडात धरायची, कुणी शेजारच्या खाटेकडं बोट करून ‘ह्यास्नी ठावं हाय’ म्हणायची, कुणी उखाणाच सुरू करायची. नवऱ्याचं नाव असं कोरडं घेतं का कुणी? जुलेखा कावायची. नवरा-बायकोचं घर म्हणून तिनं कधी आतून पाहिलंच नव्हतं. हे आढेवेढे तिला नुसते वेळखाऊ वाटायचे. बयाबाई कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत मजा बघायची आणि अवाक्षर सांगायची नाही.

सुगीच्या तोंडावर गारगोटीकडून एक बैलगाडी आली. गाडीत धोंडुबाई नावाची तरणी बाई दोरीनं बांधून आणलेली. बरोबर नवरा आकाराम आणि सासू चिमणाबाई. बाई किंचाळत होती, डोकं भिंतीवर आपटत होती, अंगावरचं फाडत होती. गावानं ठरवून टाकलं होतं, बाहेरचं हाय. भगतानं धुरी दिली, लिंबू उतरवलं, आणि काहीच होईना तेव्हा म्हणाला, खूळ लागलंय, कोल्हापूरला न्या.

मेहेरजी साहेबांनी दोरी सोडायला लावली. नीट बघितलं तर उजव्या कानातून घाण येत होती. “वेड नाही,” ते म्हणाले, “कान आहे.”

मग रोज सकाळ-संध्याकाळ कान धुवायचं काम सुरू झालं. बयाबाई डोकं धरायची, जुलेखा पिचकारीनं धुवायची. एकीच्या मांडीवर डोकं, दुसरीच्या हातात पिचकारी, आणि मध्ये अबोला. पण औषध लागू पडलं म्हणायचं. हळूहळू ताप उतरला, ठणका थांबला, किंचाळणं बंद झालं. चिमणाबाईनं जाताना-येताना जुलेखाच्या पायाला हात लावायला सुरुवात केली. बयाबाईच्या मांडीची कुणी आठवणसुद्धा काढली नाही.

एका सकाळी थर्मामीटर बघून जुलेखाचा चेहरा खुलला. आकाराम दाराशी बोचकं घेऊन उभा होता, घरी कधी सोडता म्हणून विचारायला. जुलेखा खाटेशी वाकली.

“तुमचं नाव काय?”

“धोंडुबाई.”

“गाव?”

तेही सांगितलं. जरा सावकाश, पण बरोबर.

“मालकाचं नाव काय?”

“आकाराम.”

जुलेखाला असा आनंद झाला की विचारू नका. इतक्या बायांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं होतं! दारातला आकाराम कानापर्यंत लाल झाला आणि बाहेर सटकला. आणि बादली घेऊन चाललेली बयाबाई जागच्या जागी थबकली.

गारगोटीकडची गरती बाई. नवरा समोर उभा. डोक्यावर पदर नाही, आणि ‘आकाराम’ म्हणाली कशी, तर दावणीतल्या बैलाचं नाव सांगावं तशी! ना लाज, ना हसू. डोळे आढ्याला लागलेले. नाव सांगून झालं तरी तोंड तसंच अर्धवट उघडं. काल हीच बाई कान धुताना शिव्या देत होती, नवरा आला की मात्र पदर शोधत होती. शिव्या देणारी बाई होती. ही कोण? बयाबाईच्या मनानं घेतलं, ही शुद्धीत नाही. दुखणं गेलं नाही, दुखणं आत गेलंय.

आता सांगायचं की नाही? शब्द जिभेच्या टोकावर आले होते. पण त्याच वेळी साहेब दारात आले आणि म्हणाले, “सिस्टर, वॉर्ड कसा आहे?”

जुलेखानं धडाधडा सांगितलं. ताप नाही, ठणका नाही, झोप चांगली, नाव-गाव-मालक सगळं अचूक. साहेब खूश झाले. घरी पाठवा, म्हणाले. आणि वळता वळता, जुन्या सवयीनं म्हणा, त्यांनी विचारलं, “बयाबाई, तुमचं काय मत?”

घ्या! ज्या प्रश्नासाठी ती इतके दिवस झुरत होती तो समोर आला. पण कसा आला? आधी त्या पोरीला, मग आपल्याला. पंगत उठल्यावर उरलंसुरलं वाढावं तसा. बयाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिच्या मनात लखकन आलं, जाऊ दे ही बाई घरी. वाटेत पडू दे. परत येऊ दे बांधून. मग बघू साहेब कुणाला विचारतात.

“सिस्टरनी सांगितलं की,” ती म्हणाली. “त्यास्नी जास्ती कळतंय.”

आणि बादली उचलून चालती झाली.

ऊन वर यायच्या आत गाडी जुंपली. चिमणाबाई सुनेवर करवादत होती, “नवऱ्याचं नाव घेती म्हनं! दवाखान्यात येऊन शेफारली बगा!” धोंडुबाईला गाडीत चढवताना तिला एकदम उलटी झाली, मळमळ नाही की काही नाही, भडकन. तिनं तोंडसुद्धा पुसलं नाही. बयाबाई हे सगळं पायरीवरून बघत होती. काळजात कुठंतरी टोचलं, पण टोचण्यापेक्षा आतली उकळी मोठी होती. गाडी कळंब्याच्या दिशेनं निघून गेली.

मग जुलेखा दोन कप चहा घेऊन आली. कधी नाही ती बयाबाईच्या शेजारी पायरीवर बसली. “बयाबाई, आपली धोंडुबाई बरी होऊन गेली हो,” ती म्हणाली. “तुम्ही डोकं धरत होता म्हणून मला कान धुता आला. नाहीतर काय जमलं असतं!”

ह्या गोड बोलण्यानं तर बयाबाईचा पुरता तोल सुटला. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता हिचं हे तेज उतरवावं. दया आली, जीव कळवळला, असलं काही नाही. ती बोलली ती निव्वळ हिणवायला.

“बरी? खुळे, कशाची बरी! शुद्धीत न्हवती ती! देवानं दोन डोळं दिल्यात ते काय घड्याळ बगायला? आमच्याकडची सून नवऱ्यादेखत त्येचं नाव घेती व्हय असं? मेलेल्या आवाजात? तिला काय बी कळत न्हवतं, म्हणून घेतलं तिनं! तू आपली नाचतीयास, बरोबर सांगितलं, बरोबर सांगितलं!”

तिला वाटलं होतं, पोरगी भांडेल. निदान तोंड तरी वाकडं करेल. जुलेखा पांढरीफटक पडली. कप खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही, चहा एप्रनवर सांडला.

“नाडी,” ती पुटपुटली. “नाडी फार मंद लागत होती, बयाबाई. मला वाटलं, ताप उतरला म्हणून. उलटी झाली का हो जाताना?”

“झाली.”

“भडकन? मळमळ नसताना?”

बयाबाईनं मान हलवली. तिला दिसलं होतं ते एक, हिला दिसलं होतं ते दुसरं. दोन्ही एकत्र ठेवल्यावर जे दिसलं, ते भलतंच होतं: कानातलं दुखणं डोक्यात शिरलं होतं. जुलेखा तोवर रस्त्यात टांगा थांबवत होती. “चला! तुम्ही चला, माझं ते ऐकणार नाहीत!”

कळंब्याच्या तळ्यावर आकारामनं बैल पाण्यावर सोडले होते. धोंडुबाई गाडीत झोपलीय असं चिमणाबाई म्हणाली. बयाबाईनं गाडीत चढून तिचे गाल थोपटले, हाका मारल्या, शेवटी चिमटा काढला. बाईनं डोळा किलकिला केला आणि पुन्हा मिटला. चिमणाबाई परत फिरायला तयार होईना. एकदा बरी म्हणून सोडली, घरी सुगी खोळंबलीय, आता काय म्हणून न्यायची? तेव्हा बयाबाईनं आपलं सगळं तोंड वापरलं. तळ्यावर धुणं धुणाऱ्या बाया हातातलं टाकून ऐकत राहिल्या. “सून पायजे का सुगी पायजे, बोल!” असं तिनं विचारलं तेव्हा आकारामनं आईला बाजूला सारलं आणि स्वतः बायकोला उचलून टांग्यात ठेवलं.

दवाखान्यात साहेबांनी धोंडुबाईच्या पापण्या वर करून बघितलं आणि लगेच बाह्या वर केल्या. कानामागचं हाड फोडून आत साठलेला पू काढावा लागला. वाचेल असं ते कबूल करेनात. नंतरचे दिवस दोघी आलटून पालटून खाटेशी बसल्या. जुलेखा नाडी धरून असायची, बयाबाई तोंडाकडं बघत असायची, आणि काही वेगळं दिसलं की एकमेकींना खूण करायच्या. अबोला तसाच होता, पण कामापुरता मोडला होता.

एका दुपारी धोंडुबाईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आकाराम दारात होता. जुलेखानं भीत भीत विचारलं, “तुमच्या मालकाचं नाव काय?”

धोंडुबाईचा हात बांधलेल्या डोक्याकडं गेला. पदर सापडेना तेव्हा तिनं चादरच तोंडावर ओढली. “आगं बाई! तसलं काय इचारतासा, ते हितंच हुभं हाईत की!”

जुलेखा हसली की रडली कुणास ठाऊक. तिनं बयाबाईला घट्ट मिठी मारली. बयाबाई खांबासारखी उभी राहिली. पण सोडवून घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी साहेब आले ते थेट धोंडुबाईच्या खाटेशी. जखम बघून झाल्यावर म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला संशय कशानं आला?”

“मला नाही, साहेब. बयाबाईंना.” आणि तिनं नावाची सगळी हकीकत सांगितली. वॉर्डातल्या बाया कौतुकानं बघायला लागल्या. बयाबाईची मान ताठ झाली. किती दिवसांनी! पण साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

“नाव तर राउंडच्या आधी घेतलं होतं ना? मी बयाबाईंना मत विचारलं होतं.” ते तिच्याकडं वळले. “मग तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?”

नोकरी गेली, अब्रू गेली, सगळं गेलं असं बयाबाईला वाटलं. आणि तेवढ्यात शेजारून जुलेखाचा शांत आवाज आला.

“त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, साहेब. मीच मनावर घेतलं नाही. तुमच्यापुढं मला खोटं पाडायचं नाही म्हणून त्या गप्प राहिल्या.”

साहेब जुलेखावर संतापले. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. शिकलेल्या बाईनं अनुभवी माणसाचं ऐकू नये म्हणजे काय, वगैरे वगैरे. जुलेखा खाली मान घालून ऐकत होती. बयाबाईला जे जे हवं होतं ते ते सगळं समोर घडत होतं. फक्त गप्प उभं राहायचं होतं. एकदा जमलं होतंच की.

पण तिनं जुलेखाकडं बघितलं, आणि तिच्या पोटात असा भडका उडाला की आजवरचे सगळे त्यापुढं काहीच नव्हते. घड्याळ हिचं, इस्त्री हिची, साहेब हिचे, बाया हिच्या. आणि आता चांगुलपणासुद्धा हिचाच! मी जळून एक जीव घालवायला निघाले, आणि ही मला पदराखाली घेणार? जन्मभर मी हिच्या उपकारात राहायचं?

“खोटं हाय!” ती ओरडली. “साफ खोटं! तिला काय बी सांगितलं न्हवतं मी. मला दिसलं हुतं आन् मुद्दाम बोलले न्हाय. ही तोंडघशी पडावी म्हणून. गाडी गेल्यावर सांगितलं, ते बी हिणवायला!”

साहेबांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. बोलले तेव्हा आवाज चढा नव्हता, तोच जास्त लागला.

“एकीनं खरं लपवलं. दुसरीनं खोटं सांगितलं. मला वॉर्डात फक्त तुमचे डोळे आहेत. आता मी कुणाला विचारू?”

आणि कुणालाच न विचारता ते स्वतः पुढच्या खाटेशी गेले, मग त्याच्या पुढच्या. राउंड संपला तरी त्यांनी दोघींकडं पाहिलं नाही.

मागच्या ओसरीवर जुलेखा रडत होती. ही कधीतरी रडताना दिसावी म्हणून बयाबाईनं अंबाबाईला साकडं घालायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आता दिसली. बघून काही म्हणता काही बरं वाटलं नाही. वर रडणंसुद्धा कसं नेटकं, नाकसुद्धा लाल नाही, त्याचा वेगळाच राग आला.

“का बोललात?” जुलेखा म्हणाली. “मी सांभाळून घेतलं होतं ना.”

“म्हणूनच! कुणी सांगितलं हुतं सांभाळायला?”

“आता माझं कुणी खरं मानणार नाही, बयाबाई. नाडी सांगितली तरी साहेब स्वतः धरून बघतील. नर्सचं खरं मानलं नाही तर तिच्याजवळ राहतं काय?”

बयाबाई तिच्या शेजारी धपकन बसली. ही पोर खोटी पडावी एवढंच तर तिला हवं होतं.

“मी मानती की,” ती म्हणाली, आणि असं म्हणावं लागलं ह्याचा तिला इतका संताप आला की ती जुलेखाच्याच एप्रनला तोंड पुसून ढसाढसा रडायला लागली.